तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बालवाडीच्या शिक्षिकांसोबत काम करताना पालकांचे काही प्रश्न वर्षानुवर्षं तसेच कानावर पडतात. प्रवेशाचे दिवस आले की त्यांचा जोर वाढतो. ते प्रश्न आणि मला पटलेली उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उत्तरं महाराष्ट्रातली अंगणवाडी, केजी आणि घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: बालवाडी म्हणजे छोटी पहिली नव्हे. तिला पहिली बनवलं की तिचा बराचसा फायदा हातचा जातो.

एवढंसं पोर, त्याला काय कळतं? या वयात शिक्षण कशाला?

जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नवे जोड तयार होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के झालेला असतो. जे जोड पुन्हा पुन्हा वापरले जातात ते पक्के होतात, बाकीचे गळतात. म्हणून या वयात मुलाशी कोण बोलतं, त्याच्या हाताला काय लागतं, त्याला भीती किती वाटते, या सगळ्याचा परिणाम खोल होतो.

यासाठी महागडं काही लागत नाही. आई मेथी निवडत बसली आहे. तीन वर्षांची मुलगी एक काडी उचलून विचारते, ‘हे टाकायचं?’ आई म्हणते, ‘ते देठ आहे, जाड आहे ना? कोवळं पान ताटात ठेव.’ मुलगी एक पान ताटात ठेवते, दुसरं तोंडात घालते आणि म्हणते, ‘कडू!’ देठ, पान, जाड, कोवळं, कडू हे पाच शब्द तिला हातात धरून आणि चाखून मिळाले. शिवाय वर्गवारी झाली आणि आपण विचारलं की उत्तर मिळतं हा भरवसाही मिळाला. या वयातलं शिक्षण असंच दिसतं. चांगल्या बालवाडीत हेच जाणीवपूर्वक आणि दहा-वीस सवंगड्यांबरोबर घडतं.

आम्ही थेट पहिलीत गेलो, आमचं काही अडलं नाही. मग आताच ही गरज कुठून आली?

तुमच्या घरात आजी होती, काका-काकू होते, वाड्यात किंवा आळीत एकाच वयाची सात-आठ पोरं होती. अटकन मटकन, लंगडी, मामाचं पत्र हे सगळं कोणी न शिकवता यायचं. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आई-वडील कामावर असतात आणि मूल एकटं असतं. गावातही आई मजुरीला जाते आणि पोराला सहा वर्षांची बहीण सांभाळते. जी शिकवण आपसूक मिळत होती ती आता कुणीतरी मुद्दाम द्यावी लागते.

आणि ‘आमचं काही अडलं नाही’ हे ज्यांचं अडलं नाही तेच म्हणतात. पहिली-दुसरीत मागे पडून ज्यांनी शाळा सोडली, त्यांना हे कोणी विचारायला गेलं नाही.

याला काही पुरावा आहे का, की नुसतं बोलायचं?

आहे, आणि तो जुना आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ दरम्यान गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं निवडून त्यांचे दोन गट केले गेले. ५८ मुलांना बालशाळा मिळाली, बाकीच्यांना मिळाली नाही. रोज सकाळी अडीच तास शाळा, शिवाय दर आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी जायची. ही मुलं चाळिशीला पोहोचेपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. बालशाळेत गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केलं, त्यांची कमाई जास्त होती आणि त्यांना अटक होण्याचं प्रमाण कमी होतं.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग सहसा सांगितला जात नाही. या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला वाढला आणि काही वर्षांत इतरांच्या बरोबरीला आला. तरी आयुष्यात फरक पडला. नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी या आकडेवारीवर बरंच काम केलं. त्यांच्या मते फरक पाडला तो चिकाटी, स्वतःला आवरणं, इतरांशी जुळवून घेणं अशा गुणांनी. म्हणजे पाठांतर लवकर झालं म्हणून ही मुलं पुढे गेली असं म्हणता येत नाही.

आपल्याला जवळचा वाटावा असा दुसरा प्रयोग जमैकातला आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेल्या बाळांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून एकदा जात होत्या. घरच्या वस्तूंपासून बनवलेली खेळणी घेऊन बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवत होत्या. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या मुलांची कमाई तशाच पण ही मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. तिथे शाळेची इमारतही नव्हती.

म्हणजे कुठल्याही नर्सरीत घातलं की झालं?

अजिबात नाही. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सरकारी बालशाळांचा मोठा अभ्यास झाला. जागा कमी आणि अर्ज जास्त असल्याने सोडत काढली होती, त्यामुळे तुलना चोख होती. २०२२ मध्ये सहावीपर्यंतचे निष्कर्ष आले. बालशाळेत जागा मिळालेली मुलं परीक्षेत जागा न मिळालेल्यांपेक्षा मागे होती आणि त्यांच्या वर्तनाच्या तक्रारीही जास्त होत्या. कारणांवर अभ्यासकांचा वाद चालू आहे. पण मला त्यातून दिसतं ते हे की मुलांना सकाळभर एका जागी बसवून ठेवणारी, सतत ‘चूप बसा’ म्हणणारी शाळा नसलेली बरी. तशी शाळा आणि मेथी निवडणारी आई यातून निवडायचं झालं तर मी मुलाला आईजवळ ठेवीन.

मुलगी चार वर्षांची आहे, अजून अ-आ-ई लिहीत नाही. शेजारचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो. ती मागे पडली आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो विचारताना पालकांच्या चेहऱ्यावर खरी काळजी असते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती सगळी मऊ कूर्चा असते. ती एकेक करून हाड बनत जातात आणि सहाव्या-सातव्या वर्षापर्यंतही हे काम पूर्ण झालेलं नसतं. बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होत असतात. चार वर्षांच्या मुलाने पेन्सिल मुठीत धरली तर तो आळस नसतो, त्याचा हात तेवढाच तयार असतो. अशा हाताकडून चौकटीच्या वहीत पानंच्या पानं भरून घेतली तर हात दुखतो, पकड चुकीची बसते आणि लिहिणं म्हणजे शिक्षा हे डोक्यात पक्कं होतं.

लिहिण्याची खरी तयारी वेगळी असते. कणीक तिंबणं, मातीचे गोळे करणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, ओला फडका पिळणं, सदऱ्याची बटणं स्वतः लावणं, रांगोळीचे ठिपके काढणं. हे सगळं दोन वर्षं मनसोक्त केलेल्या मुलाला पेन्सिल धरणं जड जात नाही. भिंतीवर किंवा फरशीवर खडूने मोठ्या रेघा मारू द्या. खांदा आधी तयार होतो, मग कोपर, मग मनगट, बोटं शेवटी.

वाचनाची तयारी कानापासून होते. ‘कमळ’ म्हणताना तीन टाळ्या वाजवता येणं, ‘म’पासून सुरू होणाऱ्या वस्तू शोधणं, यमक जुळवून हसणं. शब्द आवाजांत फोडता येतो हे ज्या मुलाला कळलं, त्याला पुढे अक्षर आणि आवाज यांची जोडी लावणं सोपं जातं. ज्याला हे कळलं नाही ते मूल ‘क कमळाचा’ पाठ म्हणतं, पण ‘कप’ समोर आला की अडखळतं. घ आणि ध, भ आणि म यांतला बारीक फरक दिसायलाही डोळे सरावावे लागतात. ते चित्रांतले फरक शोधून आणि आकार जुळवून होतं.

आणि शेजारचा मुलगा? त्याला शंभरपर्यंत लिहिता येतं हे चांगलंच. त्याच्यापुढे सात शेंगा ठेवा आणि म्हणा, ‘यातल्या पाच मला दे.’ अंक लिहिता येणं आणि संख्या कळणं यांत किती अंतर आहे ते तिथे दिसेल.

बाई तर नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत. आम्ही फी कशाची भरतो?

एकदा अर्धा तास वर्गात बसून बघा. समजा, कोपऱ्यात दुकान-दुकान चाललं आहे. पेपरच्या पुड्या, तराजू म्हणून हँगरला बांधलेल्या दोन करवंट्या, पैसे म्हणून बिल्ले. दुकानदार झालेला मुलगा म्हणतो, ‘साखर संपली, उद्या या.’ गिऱ्हाईक झालेली मुलगी हट्ट धरते, ‘मला आत्ताच पाहिजे, पाहुणे आलेत.’ तो विचारात पडतो आणि म्हणतो, ‘मग गूळ न्या.’ तिसरा आपली पाळी यायची वाट बघत रांगेत उभा आहे, मध्ये घुसावंसं वाटतंय पण थांबला आहे. ताई फक्त एवढंच विचारते, ‘दोन पुड्यांचे किती झाले?’ आणि बाजूला होते.

यात मोजणी आली, वजनाचं कमी-जास्त आलं, संभाषण आलं, अडचणीतून वाट काढणं आलं. तिसऱ्या मुलाचं थांबणं तर हेकमन ज्याबद्दल बोलतात तेच. ताईने काहीच शिकवलं नाही असं वाटतं, पण करवंट्या तिने बांधल्या आणि प्रश्न कधी विचारायचा हे तिने ठरवलं. वहीत यातलं काही दिसत नाही, ही तिची अडचण आहे. पालकांनी वही मागितली की ती घाबरून वही भरून घ्यायला लागते. तेव्हा तिच्याकडे वही मागू नका. आज काय खेळलात ते विचारा.

अंगणवाडी बरी की खासगी नर्सरी? अंगणवाडीत फक्त खाऊ देतात असं ऐकलंय.

अंगणवाडीचा विचार मुळात शिकण्यासाठीच झाला, आणि तो आपल्याच मातीत. ताराबाई मोडक राजकोटचं काम सोडून भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि बालशिक्षणात पडल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शहरातल्या सुखवस्तू मुलांपुरतं हे शिक्षण राहू नये म्हणून १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी आणि खेळ. विलायती साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, तेव्हा देशभरच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं.

योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असेल तर मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. यातला बराचसा भार एका सेविकेच्या आणि एका मदतनीस ताईच्या खांद्यावर. वजन-उंची घ्यायची, गृहभेटी करायच्या, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल अ‍ॅपवर नोंदी भरायच्या, वरून सर्वेक्षणं आणि बैठका. मग शिकवण्याचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. ‘फक्त खाऊ देतात’ या तक्रारीचं मूळ इथे आहे, सेविकेच्या आळसात नाही.

तामिळनाडूत ६४० अंगणवाड्यांवर याचा प्रयोग झाला. निम्म्या केंद्रांत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ एक जास्तीची ताई दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि दीड वर्षात मुलांचं गणित आणि भाषा स्पष्टपणे सुधारली. एवढंच नाही, वाढ खुंटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही घटलं, कारण आधीच्या सेविकेला आहार-आरोग्यासाठी उसंत मिळाली. माझ्या मते महाराष्ट्राने रंगवलेल्या भिंती आणि टीव्ही संचांच्या आधी हे करायला हवं. दर अंगणवाडीत आणखी दोन हात द्या आणि त्या हातांना नीट मानधन द्या.

तुमच्यापुरतं उत्तर असं की दोन्ही आतून बघा आणि मग ठरवा. जिथे ताई मुलांशी बोलते ती जागा बरी. फीचा आकडा काहीच सांगत नाही.

बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

मुलांचा आवाज येतो की फक्त बाईंचा. खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी खाली आहेत की कपाटात कुलूपबंद. भिंतीवरची चित्रं मुलांनी काढलेली आहेत की बाजारातले तक्ते. शौचालय मुलांच्या उंचीचं आणि स्वच्छ आहे का. मूल रडलं तर कोण उचलून घेतं. एका ताईमागे किती मुलं आहेत ते मोजा. तीस तीन-वर्षांची मुलं एका बाईकडे असतील तर ती बाई कितीही चांगली असो, तिला नुसतं सांभाळणंच जमेल. आणि प्रवेशासाठी तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणारी शाळा असेल, तर त्या वयाबद्दल त्यांना काय कळतं ते तिथेच समजलं.

इंग्रजी माध्यमाच्या केजीत घालू का? घरी कुणाला इंग्रजी येत नाही.

या वयात तरी नको. तीन वर्षांच्या मुलाला मराठीत, वारलीत, गोंडीत, अहिराणीत, घरात जे बोललं जातं त्यात ‘का’, ‘कसं’, ‘नाहीतर’ असे प्रश्न पडायला लागलेले असतात. त्याला ज्या भाषेत पोटात दुखतंय हेही सांगता येत नाही तिथे बसवलं, तर ते मूल गप्प होतं. पालकांना वाटतं शिस्त लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सुरुवातीचं शिक्षण शक्यतो घरच्या भाषेत व्हावं असं म्हटलं आहे. इंग्रजी गाणी, गोष्टी, खेळ जरूर असू द्या. मुलं भाषा झपाट्याने उचलतात. फक्त विचार करायची भाषा काढून घेऊ नका.

पुण्या-मुंबईत वाढणाऱ्या किंवा परदेशातल्या मराठी घरांचं कोडं उलटं असतं: बाहेर सगळं इंग्रजी, घरी मराठी टिकवायची कशी? तिथेही आजीची गोष्ट आणि जेवताना मराठीतल्या गप्पा, एवढं रोज झालं तरी पुष्कळ.

‘मॉन्टेसरी’ शाळा वेगळी असते का?

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह उघडलं. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि इथे शिक्षक तयार केले. खऱ्या मॉन्टेसरी वर्गात वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र असतात, साधन मूल स्वतः निवडतं आणि बराच वेळ न अडवता काम करतं. पाटीवर मॉन्टेसरी आणि आत बाकांच्या रांगा असतील, तर ती नुसती पाटी आहे.

कोणत्या वयात कुठे घालायचं?

तीन वर्षं पूर्ण झाल्यावर बालवाडी किंवा अंगणवाडी, सहा पूर्ण झाल्यावर पहिली. नव्या धोरणात तीन ते आठ हा पाच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तारखेचा निकष त्या वर्षीच्या शासन निर्णयात बघा. मूल काठावर असेल तर घाई करू नका. वर्गात सर्वांत लहान असण्याचा त्रास त्याला पुढे बरीच वर्षं होऊ शकतो.

मोबाईलवर गाणी बघून तो रंग, प्राणी सगळं शिकला. मग काय हरकत आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. स्क्रीन मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हा माझा मुख्य आक्षेप. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १० ते १३ तास झोपही हवी, आणि मोबाईल आधी तीच खातो. भरवताना मोबाईल लावायची सवय सर्वांत आधी मोडा.

सोडायला गेलं की खूप रडतो. काढून घेऊ का?

पहिले दोन-तीन आठवडे रडणं स्वाभाविक आहे. पहिल्या दिवशी तासभर, तोही तुम्ही जवळ असताना, मग हळूहळू वेळ वाढवा. मागच्या मागे सटकू नका. ‘खाऊ झाला की येते’ असं सांगून जा आणि तेव्हा खरंच या. महिना उलटल्यावरही मूल दिवसभर रडत असेल, झोपेत दचकत असेल, शाळेचं नाव काढताच कोपऱ्यात जात असेल, तर त्याचं ऐका आणि शाळेत जाऊन शांतपणे चौकशी करा.

दोन वर्षं झाली, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून थांबू का?

थांबू नका. आधी कान तपासून घ्या. हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, येत असलेले शब्द विसरत असेल तर लगेच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी करतं. तारीख ताईंना विचारून त्या दिवशी मूल हजर ठेवा. पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात (मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) मोफत होतात. वेगळ्या गरजा असलेल्या मुलाला बालवाडीची गरज इतरांपेक्षा जास्त असते, तेव्हा ‘बरं झाल्यावर पाठवू’ असं म्हणू नका.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. पोराची अंगणवाडी मध्येच सुटते. काय करावं?

निघण्याआधी गावच्या अंगणवाडी ताईंना कुठल्या कारखान्यावर जाणार ते सांगा. पोषण ट्रॅकरवर मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे पाठवता येते. लसीकरणाचं कार्ड आणि आधार सोबत ठेवा. तळावर पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत नाव सांगा. तुम्ही बाहेरगावचे आहात म्हणून मुलाला आहार किंवा लस नाकारता येत नाही. एका तळावर अशी दहा-पंधरा मुलं असतील तर मुकादमाला बरोबर घेऊन सगळ्यांची नावं एकदमच द्या, म्हणजे सेविकेला फडाजवळ येऊन मुलं जमवणंही सोपं जातं.